सहीच्या आधी समजलं पाहिजे

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम आला की जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत एक वाद हमखास डोकं वर काढतो. आपल्या मुलांना ऑफिसातलं इंग्रजी येत नाही, म्हणून ती पुण्या-नाशिकच्या कंपन्यांत मागे पडतात, असं एका बाजूचं म्हणणं. त्यावर उपाय काय, तर ‘टीम प्लेअर’, ‘सेल्फ-मोटिव्हेटेड’, ‘गो द एक्स्ट्रा माइल’ असल्या वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करून घ्यायच्या. दुसरी बाजू म्हणते, ही सगळी पोकळ भाषा आहे, पगार वाढवायचा नसला की साहेब लोक ती काढतात. मुलांनी तिच्या नादी लागू नये, कंपन्यांनीच मराठीत बोलावं. दोन्हीकडचे लोक तळमळीने बोलतात, पण दोघांचंही सगळं लक्ष मुलाने काय बोलावं यावर आहे. त्याला जे ऐकवलं जातं, लिहून दिलं जातं आणि ज्याच्याखाली त्याची सही घेतली जाते, ते त्याला कळतं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. कामाच्या ठिकाणी माणसांच्या उमेदीबद्दल, नाराजीबद्दल, एकजुटीबद्दल जे इंग्रजी वापरलं जातं, ते खान्देशातल्या मुलांना शिकवलंच पाहिजे. पण आधी समजण्यासाठी, आणि तेही मराठीतून. बोलण्याचा सराव मागून आला तरी चालेल. शिवाय हे ओझं एकट्या मुलावर टाकून भागणार नाही. ज्याच्या हातात पगारवाढ आहे, त्याने आपलं म्हणणं समोरच्याला उमगेल असं सांगणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

कामावरचे इंग्रजी शब्द आपल्याकडे काही काल-परवा आलेले नाहीत. भुसावळच्या रेल्वेत मेमो, चार्जशीट, सस्पेंड, ओव्हरटाइम, ट्रान्सफर हे शब्द चार यत्ता शिकलेल्या खलाशालाही बिनचूक कळत आले. अमळनेरच्या गिरणीत, वरणगावच्या आयुध निर्माणीत तेच. त्यासाठी कुणी क्लास लावला नव्हता. शब्दामागून काय येतं ते समोर दिसत होतं: मेमो आला की उत्तर लिहून द्यायचं, सस्पेंड झालं की पगार निम्म्यावर येणार. मग आज पदवी घेतलेला मुलगा का चाचपडतो? २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे शब्दार्थाची उणीव हे कारण पुरत नाही. फरक शब्दांच्या जातीत आहे. ‘टीमचं मोराल (मनोधैर्य) लो आहे’, ‘तुझा बाय-इन (मनापासूनची संमती) दिसत नाही’, ‘ओनरशिप घे’, ‘यू आर नॉट अलाइन्ड’ (तू आमच्या दिशेने चालत नाहीस) ही वाक्यं भावनेबद्दल बोलतात आणि परिणाम पोटात ठेवतात. ऐकल्यावर त्या दिवशी काहीच घडत नाही. जे घडायचं ते सहा-आठ महिन्यांनी घडतं, पगारवाढीच्या पत्रात किंवा कुणाला कमी करायचं त्या यादीत, आणि तोवर त्या वाक्याशी त्याचा संबंध लावणं मुलाला शक्य राहत नाही.

एक नेहमीचा वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म घेऊ. वर उद्दिष्टं, मध्ये आकडे, शेवटी तीन रकाने: बलस्थानं, सुधारणेच्या जागा, कर्मचाऱ्याची सही. सुधारणेच्या रकान्यात दोन ओळी आहेत: ‘नीड्स टू बी मोर ऑफ अ टीम प्लेअर. शुड टेक ओनरशिप.’ धरणगावचा किंवा साक्रीचा मुलगा पहिली ओळ वाचतो आणि समजतो की आपण लोकांत मिसळत नाही अशी तक्रार आहे. मग तो डबा खायला सगळ्यांत बसायला लागतो, कुणी काही सांगितलं तर नाही म्हणत नाही, दुसऱ्यांची कामंही अंगावर घेतो. लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वेगळंच असतं: काम अडलं की वेळेवर सांगत जा, तुझ्याकडची माहिती दुसऱ्यांना दे, तुझ्यापाशी थांबलं की पुढच्याचं खोळंबतं. दुसऱ्या ओळीचं तसंच. ओनरशिप म्हणजे मालकी, म्हणजे आपणच ठरवायचं, असं धरून तो एखादा निर्णय परस्पर घेतो आणि बोलणी खातो. किंवा चूक झाली की दोष आपल्या डोक्यावर घ्यायचा, असा अर्थ लावून गप्प बसतो. साहेबाला हवं असतं ते इतकंच की हाती घेतलेलं काम शेवटपर्यंत ने, मधे कुठे अडलं तर मी विचारायच्या आत मला कळव. वर्षभर मुलगा जीव तोडून राबतो, दुसऱ्यांच्या कामापायी त्याचं स्वतःचं काम उशिरा होतं, आणि पुढच्या वर्षी त्याच रकान्यात त्याच दोन ओळी येतात, या वेळी एका पायरीने खालच्या श्रेणीसह. मेहनत कमी पडली असं इथे कोण म्हणेल?

अर्थाइतकंच वजन महत्त्वाचं, आणि तिथेच जास्त घोटाळा होतो. इंग्रजीत वरिष्ठाची खरी नाराजी पुष्कळदा हलक्या शब्दांत येते. ‘यू मे वॉन्ट टू लूक ॲट धिस’ हे सुचवणं वाटतं, पण तो हुकूम असतो. ‘अ बिट मोर एनर्जी इन द टीम मीटिंग्ज’ यातल्या ‘अ बिट’वर विसंबून राहणारा फसतो, ते लिहिण्याइतपत टोचलं आहे, हाच त्याचा अर्थ. ‘आय ॲम डिसअपॉइंटेड’ हे रागावण्यापेक्षा जड वाक्य आहे. आपल्याकडे साहेब ओरडला तर विषय गंभीर, शांतपणे बोलला तर मिटला, अशी समजूत असते; इथे हिशेब उलटा बसतो. त्यात देशादेशांचा फरक आणखी. ‘क्वाइट गुड’ असं अमेरिकी माणूस म्हणाला तर काम चांगलं झालं. इंग्लंडच्या माणसाने म्हटलं तर पुष्कळदा ते ‘ठीक आहे, चालेल’ एवढ्यावरच थांबतं. हिंजवडीत बसून दोन्हीकडच्या लोकांशी बोलणाऱ्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

आणि स्वतःच्या मनाबद्दल बोलताना? अहिराणीत माणूस सहज म्हणून जातो, ‘काममा मन लागत नही’, आणि ऐकणारा पाणी पुढे करतो, दोन शब्द बोलतो. तीच गोष्ट मुलगा मेलमध्ये ‘आय ॲम फीलिंग डिमोटिव्हेटेड’ अशी लिहितो. वाचणाऱ्याला ते मन मोकळं केल्यासारखं वाटत नाही. याला काम करायची इच्छा राहिलेली नाही अशी लेखी नोंद त्याच्या हाती पडते. ‘आय ॲम फ्रस्ट्रेटेड’ एवढंच लिहिलं तर रोख लिहिणाऱ्याच्या स्वभावावर जातो. कशामुळे ते पुढे जोडलं, तर तक्रार त्या गोष्टीबद्दल होते. ‘बर्न्ट आउट’ तर दिवसभराच्या थकव्याला वापरायचा शब्दच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद कामाशी निगडित अवस्था म्हणून केली आणि तिची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि हातून पूर्वीसारखं काम न होणं. ज्याला खरोखर हे होतंय त्याने ते जरूर म्हणावं, आणि कंपनीने ते गांभीर्याने घ्यावं. ज्याच्यावर फक्त कामाचा ढीग पडलाय त्याने साधं विचारावं: ही दोन कामं आहेत, शुक्रवारपर्यंत एकच होईल, आधी कोणतं करू? या प्रश्नाने भारही कळतो आणि नोंदही नीट होते.

आता विरोधकांचं सगळ्यात तगडं म्हणणं. ही भाषा पगाराची जागा घ्यायला आणलेली आहे. तीन महिने ओव्हरटाइम थकवायचा आणि सभेत म्हणायचं, ‘वी आर अ फॅमिली’. या आक्षेपात तथ्य आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडून ठेवलंय की पगार, कामाची परिस्थिती, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडलेल्या असल्या की असमाधान येणारच. वर प्रेरणेची भाषणं देऊन ते जात नाही. जादा वेळेला दुप्पट दर द्यावा हे १९४८ च्या कारखाने अधिनियमात लिहिलेलं होतं, त्यात कुटुंबाचा उल्लेख नव्हता. तेव्हा या वाक्यांचा वापर झाकायला होतो, हे मान्य. पण त्यावरून ती समजून घेऊ नयेत हे कसं निघतं? जे झाकायला वापरलं जातं ते तर आधी ओळखता यायला हवं.

शिवाय ही रीत परकी आहे हे म्हणणं खान्देशाने तरी करू नये. सालदारकी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतावर गडी ठेवण्याची रीत, आपल्या डोळ्यांसमोर होती, काही गावांत अजून आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सालदार ठरायचा. मालक वर्षभर त्याला ‘तू तं घरचाच माणूस’ म्हणायचा, आणि घरचाच म्हणून रात्री दूध काढायला, पहाटे पाणी धरायलाही तोच. शोषण पुष्कळ होतं. ते कुणी गोड करून सांगू नये. पण सालदाराला ‘घरचा माणूस’ या शब्दांची किंमत नेमकी ठाऊक होती. साल ठरताना रोख किती, धान्य किती, कपडे-जोडा काय, सणाची सुट्टी कधी, हे चार माणसांत तोंडी बोललं जायचं आणि साल संपलं की हिशेब त्यावर व्हायचा, घरचेपणावर नव्हे. भाषा त्याची स्वतःची होती म्हणून त्याला गोड बोलणं आणि बोली यातला फरक कळत होता. त्याच्या नातवाला ‘वी आर अ फॅमिली’ ऐकून तो फरक कळत नाही, कारण त्याने ते वाक्य फक्त मुलाखतीत म्हणायला शिकलेलं असतं.

‘गो द एक्स्ट्रा माइल’चंच बघा. याचं मूळ बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. रोमन सैनिक वाटेतल्या कुणालाही धरून आपलं ओझं एक मैल वाहायला लावू शकत असे. सक्तीने एक मैल नेलं तर दोन मैल जा, असा तो उपदेश. म्हणजे पहिला मैल वेठीचा, दुसरा स्वखुशीचा. वेठबिगार काय असते हे सातपुड्याच्या पायथ्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आता वरिष्ठ जेव्हा दर आठवड्याला ‘एक्स्ट्रा माइल’ मागतो आणि न दिल्यास श्रेणी कापतो, तेव्हा दुसरा मैलही वेठीचाच होतो. हे ज्याला कळलं, तो मुलगा नम्रपणे विचारू शकतो: हे जादा काम या महिन्यापुरतं की कायमचं? कायमचं असेल तर माझ्या उद्दिष्टांत लिहू या का? न कळणारा एक तर ‘येस सर’ म्हणतो नाही तर राजीनामा टाकतो.

दुसरा आक्षेप मराठीचा. कंपन्यांनी मराठीत बोलावं, आपण का शिकायचं? तत्त्व म्हणून मला हे पूर्ण पटतं. पण १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम शासनाच्या कारभारापुरता आहे. खासगी कंपनीच्या मूल्यमापनाच्या फॉर्मला तो लागू होत नाही. तो बदल घडवायला जी वर्षं लागतील ती लागोत, मुलाची सही मात्र येत्या एप्रिलमध्ये आहे. आणि परकी भाषा समजून घेतल्याने आपली भाषा बुडते असा अनुभवही नाही. उमेद, हिंमत, शाबासकी, नाराजी, मनाच्या बळाचे हे सगळे शब्द फारसीच्या वाटेने दरबारातून आणि लष्करातून आपल्याकडे आले, आणि आज त्यांच्याशिवाय मराठीत कुणाची समजूतही काढता येणार नाही.

या वादाला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो १८७५ चा दख्खनचा उठाव. मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणबी सावकारांवर उठले आणि पुणे-नगर भागात ते लोण पसरलं. माणसं मारण्याकडे त्यांचा कल नव्हता; त्यांना हवे होते कर्जरोखे, आणि मिळतील तिथे ते त्यांनी जाळले. न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा दिलेला, आणि त्याच कागदावर कोर्ट जमीन काढून घेत होतं. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी आला. त्यात अनेक गोष्टी होत्या, त्यातली एक अशी की शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला गेला तरच ग्राह्य. त्या कायद्याने सगळे प्रश्न सुटले नाहीत, सावकारीही संपली नाही. पण त्यातला विचार पाहा. शेतकऱ्याने सावकारासारखी रोख्याची भाषा लिहायला शिकावी असं कायद्याने म्हटलं नाही, आणि रोखे ही फसवी चीज आहे, त्याकडे पाहूच नका, असंही म्हटलं नाही. सही करणाऱ्याला कागदात काय आहे ते कळावं, आणि कळवण्याची सोय सरकारने करावी, इतकं धरलं. आजच्या दोन्ही बाजूंना नेमकं हेच सुचत नाही.

फोनवर भाषांतर मिळतं, मग शिकवायचं कशाला, असाही एक सूर आहे. फोन शब्दार्थ चांगला देतो, पूर्ण वाक्य दिलं तर बराचसा भावार्थही देतो. ते वाक्य तुमच्या साहेबाने, गेल्या आठवड्यातल्या उशिरानंतर, वरिष्ठांना प्रत पाठवून लिहिलंय, हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि त्याला काय सांगावं लागेल हे कळण्याइतकी समज आधी तुमच्याकडे असावी लागते.

शिकवायचं कुणी, हा प्रश्न मला शिकवायचं काय याइतकाच मोठा वाटतो. अमेरिकेतले मोटार कारखानदार हेन्री फोर्ड यांनी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, कारण आदल्या वर्षी कामगार धडाधड सोडून जात होते. १९१४ मध्येच परदेशातून आलेल्या कामगारांसाठी कंपनीची इंग्रजी शाळा निघाली. धडे वेळेवर येण्याचे, स्वच्छतेचे, टापटिपीचे. पदवीदानाला देशोदेशीचे वेश घातलेले कामगार एका भल्यामोठ्या कढईत उतरायचे आणि अमेरिकी वेशात बाहेर यायचे. इंग्रजी त्यांना मिळालं हे खरं, आणि त्याचा त्यांना उपयोगही झाला असेल. पण शाळा कारखान्याची होती, तेव्हा कारखान्याला काय ऐकायचंय तेच तिथे शिकवलं गेलं. आजचे नव्या कर्मचाऱ्यांसाठीचे इंडक्शनचे वर्ग आणि गल्लोगल्लीचे स्पोकन इंग्लिश क्लास तेच करतात: साहेबाला आवडेल असं उत्तर घोटून घेतात. म्हणून हे काम महाविद्यालयांनी करावं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आवाक्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. इथल्या वाणिज्य, अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनाच्या शिक्षकांना मुलांची भाषा ठाऊक आहे.

चाळीस-पन्नास वाक्प्रचार पुरेत, तासाला पाच या हिशेबाने आठ-दहा तासांत होतात. वर्णक्रमाने शिकवू नयेत. ते काय मागतात यावरून लावावेत: काही टीमची अवस्था सांगतात, काही जादा काम मागतात, काही आडून तक्रार करतात, काही आधार देतात. प्रत्येकासाठी मुलाने मराठीत चार प्रश्नांची उत्तरं लिहावीत. हे कोण कुणाला म्हणतंय? तोंडी की लेखी, आणि प्रत कुणाला? सोमवारपासून माझ्या कामात नेमका कोणता बदल हवाय? मी काहीच केलं नाही तर काय होईल? मग तीन उत्तरांचा सराव: ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं, ‘कॅन यू गिव्ह मी वन एक्झाम्पल?’ असं विचारणं, आणि ‘बाय व्हेन?’ ही तारीख मिळवणं. संध्याकाळी दोन ओळींचा मेल: आज बोलल्याप्रमाणे मी अमुक तारखेपासून अमुक करतो. ‘माय डोअर इज ऑलवेज ओपन’ असं कुणी म्हटलं तर आपली मुलं त्या दारातून कधी आत जात नाहीत, संकोच आड येतो; त्यांना शिकवावं की तिथेच ‘गुरुवारी चारला येऊ का?’ म्हणून वेळ ठरवून टाकायची.

हे बिघडतं परीक्षेत. जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा, असं विचारलं की मुलं ‘मोराल’समोर मनोधैर्य लिहून पूर्ण गुण घेतात आणि मेलमध्ये ‘टीम्स मॉरल इज लो’ लिहून सगळ्या टीमच्या नीतिमत्तेवर बोट ठेवून बसतात. परीक्षेत खराखुरा भरलेला फॉर्म द्यावा, नावं खोडून, आणि एकच प्रश्न विचारावा: या कर्मचाऱ्याने येत्या महिन्यात काय करावं, मराठीत लिहा.

राहिले मालक आणि मॅनेजर. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप, चटई, डाळ यांचे कारखाने आपल्याच लोकांचे आहेत. तिथेही आता बाहेरून उचललेले इंग्रजी फॉर्म फिरतात, आणि भरणारा सुपरवायझरही पुष्कळदा त्यातली वाक्यं आदल्या वर्षीच्या फॉर्मवरून उतरवतो. ‘शुड बी मोर प्रोॲक्टिव्ह’ लिहिणाऱ्याला प्रत्यक्षात म्हणायचं असतं, ‘भाऊ, माल दोनपर्यंत निघणार नसेल तर बारालाच सांगत जा.’ मग तेच लिहावं. फॉर्म दोन्ही भाषांत असावा. सुधारणेच्या प्रत्येक ओळीपुढे एक घडलेला प्रसंग आणि त्याची तारीख असावी. प्रसंग आठवत नसेल तर ती ओळ काढून टाकावी. फॉर्म एक दिवस आधी कामगाराच्या हाती द्यावा, म्हणजे तो घरी नेऊन कुणाकडून तरी वाचून घेईल. सहीच्या वर चार ओळींची जागा सोडावी, ‘मला यातून असं समजलं’ अशी, आणि तिथे त्याने मराठीत लिहावं. साहेबाने ते त्याच्यासमोर वाचावं. दोघांचं जुळलं नाही, तर त्या दिवशी सही घेऊ नये.